रसद वाहणारी माणसे : वर्धा खोऱ्यातील लष्करी पुरवठा आणि नागरी दळ

कामठीच्या छावणीत ४१४ आर्मी सर्व्हिस कोर बटालियन (मार्केटिंग) ही प्रादेशिक सेनेची, म्हणजेच टेरिटोरियल आर्मीची, तुकडी आहे. तिच्यातील माणसे एरवी सार्वजनिक तेल कंपन्यांच्या नोकरीत असतात. इंधनाचे डेपो चालवणे, टाक्यांतील साठा मोजणे, टँकर भरून मार्गी लावणे हे त्यांचे रोजचे काम. वर्षातून ठरावीक काळ ती गणवेश चढवतात, कवायत करतात, शस्त्र चालवायला शिकतात आणि देशावर संकट आले की तेच इंधनाचे काम लष्कराच्या शिस्तीखाली करण्यासाठी हजर होतात. वर्धा जिल्ह्यापासून ही छावणी शंभर किलोमीटरच्या आत आहे. विदर्भात लष्कराला शिधा, चारा, दारूगोळा आणि इंधन पोचवण्याची जी जुनी परंपरा आहे, तिचे हे आजचे कायदेशीर रूप होय.

या परंपरेचा इतिहास म्हणजे मुख्यतः लष्कराबाहेरच्या माणसांचा इतिहास आहे. बैलांचे तांडे हाकणारे बंजारे, रेल्वेचे कर्मचारी, जखमींच्या डोल्या उचलणारे स्वयंसेवक, कोठारांतले हमाल आणि तेल डेपोतले कामगार या सर्वांनी लढाईचे ओझे वाहिले. ते सैनिक नव्हते, पण त्यांच्यावाचून एकही फौज आठवडाभर उभी राहिली नसती. त्यांना कोणत्या काळात कोणता दर्जा मिळाला, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे आणि तिच्याकडे आजवर फार कमी लक्ष गेले आहे.

आधी कामाची विभागणी स्पष्ट करायला हवी. भारतीय सेनेत शिधा, इंधन आणि वाहतूक ही सेना सेवा कोरची, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोरची, जबाबदारी असते. शस्त्रे, सुटे भाग आणि दारूगोळा यांचा साठा आर्मी ऑर्डनन्स कोर सांभाळते. पुलगावचे प्रसिद्ध केंद्रीय दारूगोळा भांडार त्यामुळे ऑर्डनन्सकडे येते, तर कामठीची तेलवाली बटालियन सेवा कोरमध्ये मोडते. सर्वसामान्य बोलण्यात दोन्हींना ‘डेपो’च म्हणतात, आणि पुलगावात तर ‘डेपो’ म्हटल्यावर दुसरे काही कोणाच्या मनातही येत नाही.

वर्धा खोऱ्याची जमीन हा या इतिहासाचा पाया आहे. कपाशीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात इतकी चिकट होते की गाडीची चाके आसापर्यंत रुततात. पक्के रस्ते होण्यापूर्वी ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत या मुलखात भरल्या गाडीने प्रवास करणे जवळपास अशक्य होते. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघत. त्यामागे धार्मिक संकेत होता, तसाच हा रोकडा हिशेबही होता. नद्यांना उतार मिळे, रानात चारा उभा असे, खरिपाचे धान्य खळ्यावर येऊ लागे आणि वाटा वाळत. फौज कधी निघणार हे धान्य आणि चिखल यांवरच ठरे.

अशा मुलखात गाडीपेक्षा पाठीवर गोणी घेतलेला बैल अधिक भरवशाचा. याच बैलाच्या जोरावर बंजारा समाजाने दख्खनची रसद दोन-अडीच शतके वाहिली. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणीत शंभरेक किलो धान्य किंवा मीठ मावे. तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल असत. पुढे नायक, मागे कुटुंबकबिला, कुत्री आणि वासरे. तांडा दिवसाला थोडेच अंतर कापत असे, पण बैल वाटेतल्या गवतावर पोट भरत. त्यामुळे वाहतुकीच्या जनावरांसाठी वेगळी रसद लागत नसे, आणि खरी किमया इथेच होती. फौजेच्या घोड्यांना हरभऱ्याची चंदी लागते. ती वाहायला आणखी जनावरे लागतात, त्या जनावरांना पुन्हा चारा लागतो. या चक्रातून सुटण्याचा मार्ग बंजाऱ्यांच्या चरत चालणाऱ्या बैलांनी दाखवला.

बंजारे कोणाच्या फौजेचे पगारी नोकर नव्हते. तांड्याचा नायक दूरच्या बाजारात धान्य खरेदी करी, छावणीच्या बाजारात आणून विकी आणि त्यातल्या नफ्यावर जगे. क्वचित सरदार आगाऊ रक्कम देत. परस्परांशी लढणाऱ्या दोन्ही फौजा बंजाऱ्यांना सहसा धक्का लावत नसत, कारण आज शत्रूकडे गेलेला तांडा उद्या आपल्याकडे यायचा असे. १६३०च्या सुमारास शाहजहानच्या वजिराबरोबर, आसफखानाबरोबर, भंगी आणि झंगी हे दोन नायक लाखाहून अधिक बैल घेऊन दख्खनेत उतरले, अशी बंजारा परंपरा सांगते. घोड्यांना गवत आणि पाणी मिळेना तेव्हा आसफखानाने त्यांना ताम्रपट दिला, असेही ती परंपरा सांगते. त्या ताम्रपटाने छपरावरचे गवत आणि रांजणातले पाणी घेण्याची मुभा मिळाली, आणि फौजेला रसद मिळत राहील तोवर दिवसाकाठी तीन खुनांची माफीही मिळाली. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील वणी जिल्ह्याचे पोलीस अधिकारी कंबरलेज यांनी हा वृत्तान्त नोंदवला. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही त्याला जागा मिळाली. बैलांच्या आकड्याबाबत शंका घेता येईल, पण रसद वाहणाऱ्याला राज्यकर्त्यांनी लेखी हक्क द्यावा, ही कल्पना त्यातून उघड दिसते.

मराठी राज्यात पुरवठ्याचा विचार सुरुवातीपासून होता. शिवाजी महाराजांच्या काळातले चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला लिहिलेले पत्र या दृष्टीने वारंवार वाचण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळून टाकले, तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यात आहे. आगट्या पेटत्या ठेवू नयेत, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्याने त्यात लिहिले आहे. कोठार सांभाळणे म्हणजे मुख्यतः आग सांभाळणे, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ज्ञान आजच्या दारूगोळा भांडारालाही जसेच्या तसे लागू पडते.

रसद तुटली की काय होते, हे पानिपताने मराठी मनावर कायमचे कोरले. भाऊसाहेबांच्या फौजेला दुआबातून धान्य आणि पैसा पोचवण्याची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या स्वारांनी त्यांना गाठून मारले आणि छावणीत उपासमार वाढत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज लढायला बाहेर पडली ती अर्धपोटी. योगायोग असा की आजची सेना सेवा कोर आपली परंपरा इंग्रजांच्या १७६० मधील कमिसरी व्यवस्थेपर्यंत मागे नेते आणि ८ डिसेंबर हा आपला स्थापना दिवस पाळते. एकीकडे एका मोठ्या फौजेची रसद कोलमडत होती, तेव्हाच दुसरीकडे पुरवठ्याला कायमचे खाते देणारी सत्ता उभी राहत होती. पुढच्या साठ वर्षांत या फरकाचे परिणाम दख्खनभर दिसले.

१८०३ मध्ये हा फरक थेट वऱ्हाडात येऊन भिडला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने म्हैसूरच्या सरकारी बैलांच्या आणि बंजारा तांड्यांच्या जोरावर आपली फौज खेळती ठेवली. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड अशा तीन घटना त्याने तीन महिन्यांत घडवल्या. बंजाऱ्यांच्या लहरीबद्दल त्याच्या तक्रारी असल्या तरी त्यांच्याविना त्याचे पान हलत नव्हते. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. पुलगावाजवळून वाहणारी ही नदी तेव्हापासून दोन राजवटींमधली सीमा बनली. १८१७ मध्ये इंग्रज आणि भोसले यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी इंग्रजांची कामठीची छावणी वसली. आता फौज हंगामी राहिली नाही. ती बारमाही मुक्कामी आली आणि तिचा पुरवठाही बारमाही झाला.

रेल्वेने हे सारे चित्र बदलले. १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा आधी पुलगावजवळच्या कवठ्याहून चाले. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर आखून मुख्यालय तिथे नेले, कारण तिथून लोहमार्ग जाणार होता. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे फाटा गेला, तो हिंगणघाटच्या कापसासाठी आणि वरोऱ्याच्या कोळशासाठी. बैलांचा तांडा जे धान्य महिनाभरात आणी, ते आगगाडीच्या वाघिणीतून दोन दिवसांत येऊ लागले. मिठाचा आणि धान्याचा व्यापार हातचा गेल्यावर तांडे विस्कटले. काही बंजारे यवतमाळ-वाशीमकडे शेतीला लागले, बरेचसे मजुरीला गेले. ज्यांच्याकडे ताम्रपट होता असे सांगितले जाई, त्या समाजाच्या काही गटांना १८७१ नंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांच्या हजेरीपटावर नावे लावावी लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कलंक कायद्याने पुसला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींत गणला जातो, पण लष्करी इतिहासात या माणसांचे नाव क्वचितच येते आणि ही उणीव भरून काढायला हवी.

सरकारी खात्याची वाटचाल थोडक्यात अशी. तीन इलाख्यांची वेगवेगळी कमिसरिएट खाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आली. दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८ ते १८८०) हजारो उंट मेले आणि लढाईच्या वेळी बाजारातून जनावरे गोळा करण्याची पद्धत किती महाग पडते ते कळून चुकले. १९०१ मध्ये खात्याला सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोर असे रूप आले, १९२३ मध्ये ते इंडियन आर्मी सर्व्हिस कोर झाले, १९३५ मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद जोडले गेले आणि प्रजासत्ताक झाल्यावर ते निघून गेले.

याच काळात दुसऱ्या टोकाला स्वयंसेवक दळे वाढत होती. १८५७ च्या उठावाच्या धास्तीने आणि १८६९ च्या भारतीय स्वयंसेवक कायद्याने त्यांना बळ दिले. नागपुरात व्हॉलंटियर रायफल्स होत्या आणि रेल्वे कंपन्यांचीही स्वतःची दळे होती. हे दळवाले एरवी इंजिन ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर किंवा कारकून असत. सुटीच्या दिवशी ते नेमबाजी करत. लढाई झालीच तर रूळ, पूल, तारयंत्र आणि गाड्या चालू ठेवणे हे त्यांचे काम राहणार होते. म्हणजे आजच्या तेल कंपनीच्या जवानाचे ते पूर्वज ठरतात. फरक एवढाच आणि तो फार मोठा, की या दळांत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांनाच प्रवेश मिळे. अपवाद मोजके. कायद्यात भारतीयांना बंदी लिहिलेली नव्हती, व्यवहारात मात्र दार बंद होते. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसने भारतीयांना स्वयंसेवक दळांत घ्यावे असा ठराव केला आणि तो पुढेही उचलून धरला गेला. काँग्रेसच्या पहिल्या काही मागण्यांत ही मागणी होती हे आज अनेकांना ठाऊकही नसते. देशाचे ओझे वाहण्याचा हक्क मागावा लागत होता.

बंदूक नाकारलेल्या भारतीयांना स्वयंसेवेची वाट मिळाली ती डोलीच्या दांड्याखाली. १८९९ मध्ये बोअर युद्धात नाताळमधील भारतीयांनी रुग्णवाहक दळ उभारले. त्यात सुमारे अकराशे माणसे होती, बरीचशी करारबद्ध मजूर, आणि पुढाकार मोहनदास गांधी यांचा होता. कोलेन्सो आणि स्पायन कॉपच्या लढायांत या माणसांनी जखमींना खांद्यावरून मैलोन् मैल वाहून नेले. एका दिवसात वीस-पंचवीस मैलांची चाल त्यांना पडे. हेच गांधी १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या अहिंसेच्या विचाराशी तो जुना अनुभव कसा जुळतो यावर वेगळी चर्चा होऊ शकते. इथे नोंदवायचे ते इतकेच, की भारतीय स्वयंसेवेचा लष्करी आरंभ वाहतुकीच्या कामातून झाला.

पहिल्या महायुद्धात १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने युरोपीयांना सेवा सक्तीची केली आणि भारतीयांसाठी ऐच्छिक तुकड्या काढल्या. १९२० मध्ये पुन्हा दोन खाती झाली. युरोपीय आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलरी फोर्स, भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. रेल्वे दळे पहिल्यात गेली. तांत्रिक आणि वाहतुकीचे कौशल्य गोऱ्यांकडे आणि पायदळाची कवायत भारतीयांकडे, अशी ही वाटणी जवळपास स्वातंत्र्यापर्यंत टिकली.

नियमित पुरवठा दळात मात्र भारतीयांचा कस लागला तो सर्वांना दिसला. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या कड्यांवर भारतीय खेचरगाड्यांनी पाणी आणि गोळे चढवले. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला निघाल्या. १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीत त्यातली बरीच माणसे इंग्लंडला पोचली आणि एक कंपनी जर्मनांच्या हाती पडली. मोटारींच्या युगातही बर्फ आणि चिखलात पाय रोवणारे जनावर लागते, हे या तुकड्यांनी युरोपला दाखवून दिले.

१९४२ हे वर्ध्याच्या दृष्टीने विलक्षण वर्ष. त्या वर्षी जपानी फौजा ब्रह्मदेशात उतरल्या आणि कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम ही बंदरे असुरक्षित झाली. दारूगोळ्याचा मोठा साठा किनाऱ्यापासून दूर, देशाच्या मध्यभागी, रेल्वेच्या मुख्य मार्गावर ठेवणे शहाणपणाचे होते. पुलगाव या तिन्ही कसोट्यांना उतरत होते. शेजारी नदी होती, मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातून जात होता आणि १९१७ पासून आर्वीकडे अरुंद मार्गाची गाडी धावत होती. देवळी तालुक्यातील हजारो एकर जमिनीवर भांडार उभे राहिले. तिथून अवघ्या तीस किलोमीटरवर वर्ध्यात १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, आणि १६ ऑगस्टला याच जिल्ह्यातील आष्टीत लोकांनी त्याच लढ्यात प्राण दिले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, साम्राज्याचा दारूगोळा साठत होता आणि साम्राज्याला निरोपही दिला जात होता. दोन्हीकडे माणसे आसपासच्या खेड्यांतलीच होती.

स्वातंत्र्यानंतर हेच भांडार देशाच्या सर्वांत मोठ्या दारूगोळा साठ्यांपैकी एक बनले. विदर्भात भंडारा, अंबाझरी आणि भद्रावती इथे आयुध निर्माण्या आल्या, त्यामुळे कारखाना, भांडार आणि रेल्वे अशी साखळी जवळजवळ एकाच प्रदेशात जुळली.

नागरी सेनेला नवे रूप मिळाले ते १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याने. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले आणि तो दिवस आजही पाळला जातो. वंशावर आधारलेली जुनी वाटणी एका फटक्यात संपली. सुरुवातीला या सेनेत पायदळाबरोबर तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय आणि सेवा कोरच्या तुकड्याही होत्या. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्या बोलावल्या गेल्या. सत्तरच्या दशकात बऱ्याच तांत्रिक तुकड्या नियमित सेनेत विलीन झाल्या किंवा मोडल्या. उरल्या त्या मुख्यतः पायदळाच्या आणि खात्यांच्या तुकड्या. खात्यांच्या तुकड्यांत रेल्वे इंजिनिअर रेजिमेंट होत्या. १९७४ च्या रेल्वे संपात गाड्या चालू ठेवण्यासाठी त्यांनाच पाचारण झाले. सहकाऱ्यांचा संप आणि स्वतःचा गणवेश यांत अडकलेल्या त्या माणसांची कोंडी समजून घेतल्याखेरीज नागरी सेनेचा इतिहास पुरा होत नाही.

तेल क्षेत्राच्या तुकड्या रेल्वेच्याच नमुन्यावर उभ्या राहिल्या. उत्खनन, शुद्धीकरण व नळवाहिन्या, आणि वितरण अशा तीन कामांसाठी तीन दळे. पहिल्या दोन इंजिनिअर रेजिमेंट, तिसरी कामठीची सेवा कोर बटालियन. तर्क साधा आहे. शुद्धीकरण कारखाना, नळवाहिनी किंवा मोठा डेपो चालवणे एका रात्रीत शिकवता येत नाही. युद्धात किंवा बंदच्या काळात ते काम जाणणारी माणसेच हवीत, आणि ती शिस्तीखाली हवीत. कायद्यानेही याची सोय केली. प्रादेशिक सेनेत भरती होणे ऐच्छिक आहे, पण १९५२ च्या दुरुस्तीने सरकारी आणि लोकोपयोगी सेवेतील ठरावीक वयाच्या कर्मचाऱ्यांवर, गरज पडल्यास, या सेवेचे बंधन घालता येते. सेवेवर बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मूळ नोकरीत घेणे मालकावर बंधनकारक आहे. सेवेच्या काळात त्याला दर्जानुसार वेतन मिळते आणि लष्करी कायदा लागू होतो. घरी पोटापाण्याचा दुसरा धंदा असणे ही या सेनेची पूर्वअट आहे. इथला जवान आधी कर्मचारी असतो, मग सैनिक.

अशा रीतीने ताम्रपटाच्या दंतकथेपासून सुरू झालेला प्रवास संसदेच्या कायद्यापर्यंत आला. ओझे वाहणाऱ्या नागरिकाला नाव, पद, वेतन आणि परतीची हमी मिळाली. पण ही हमी सर्वांपर्यंत पोचलेली नाही, हे पुलगावच्या दोन दुर्घटनांनी दाखवले. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर भांडाराच्या एका शेडमध्ये आग लागून स्फोट झाले. आग पसरू नये म्हणून झुंजताना दोन अधिकाऱ्यांसह डिफेन्स सिक्युरिटी कोरचे जवान आणि भांडाराच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्यू पावले. आगरगाव आणि आसपासच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडावी लागली. त्या अग्निशमन कर्मचाऱ्यांत सैनिक नसलेले नागरी नोकर होते, आणि त्यांनी कोठार वाचवण्याचे तेच काम केले ज्याची काळजी हलवर्णच्या पत्रात आहे.

२० नोव्हेंबर २०१८ ची घटना अधिक बोचरी आहे. सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना, निकामी दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी होता, तसेच पेट्या उतरवायला ठेकेदाराने आणलेले जवळपासच्या गावांतील मजूर होते. ते ना नियमित सेनेत होते, ना प्रादेशिक सेनेत, ना भांडाराच्या पटावर. लष्कराची पेटी खांद्यावर घेऊन त्यांनी केलेले काम बंजारा नायकाच्या कामापेक्षा वेगळे नव्हते. कामठीच्या जवानाला कायद्याने जे मिळते, त्यातले काहीच या मजुरांच्या वाट्याला आले नव्हते.